छंदाचा दर

महाराष्ट्रात चित्रकलेचा दर जाहीर आहे. इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड मिळाली की दहावीच्या बेरजेत 7 गुण, 'बी'ला 5, 'सी'ला 3. मुलाला माठावर पडलेला उजेड दिसतो का, दोन रंग एकमेकांत मिसळताना त्याला मजा येते का, असल्या चौकशा बोर्ड करत नाही. प्रमाणपत्र बघायचं, आकडा मिळवायचा, पुढचा प्रस्ताव हातात घ्यायचा. हे प्रस्ताव शाळेनं मुदतीत पाठवायचे असतात. क्लार्क त्या आठवड्यात रजेवर गेला तर सात वर्षांचं गाणं पाण्यात.

कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षा मराठी घरांना नव्या नाहीत. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. आईनं दिलेली असते, मामानं दिलेली असते, आत्याला त्यात 'सी' मिळालेली असते आणि तरी दिवाळीची रांगोळी तीच काढते. पूर्वी या परीक्षेचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर चित्रकलेचे सर बुचकळ्यात पडायचे. आता आठवीतलं पोरही दशांशासकट उत्तर देतं : 500 पैकी 7, म्हणजे 1.4 टक्के.

या परीक्षेतलं स्मरणचित्र जवळून बघण्यासारखं आहे. विषय दिला जातो, मुलानं तो आठवून काढायचा. क्लासमध्ये ही आठवण पाठ करून घेतात. विषय बाजार असो, जत्रा असो की एसटी स्टँड. डावीकडे डोक्यावर टोपली घेतलेली पाठमोरी बाई, उजवीकडे फुगेवाला, मध्ये एक कुत्रं, मागे तीन घरं आणि एक झाड. बाई पाठमोरी असते, कारण पाठमोऱ्या बाईला चेहरा लागत नाही. कुत्र्याचे पाय गवतात असतात, कारण पंजे जमत नाहीत. विषय रेल्वे स्टेशन आला तर घरांच्या जागी डबे येतात आणि गवताच्या जागी सामान, पण बाई आपली जागा सोडत नाही. महाराष्ट्रभर वर्षानुवर्षं हजारो मुलांच्या आठवणीत ही एकच बाई पाठ करून उभी आहे. तिला आतापर्यंत किती गुण मिळवून दिल्याबद्दल पुरस्कार द्यायला हवा, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

क्लासच्या दारात संवादही साधारण ठरलेला.

"सर, यंदा 'ए' येईल ना?"

"हात चांगला आहे हो त्याचा. रेषेत जोर आहे."

"हाताचं राहू द्या सर, ग्रेडचं सांगा."

चित्रकलेचं दुकान एकटं नाही. शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, लोककला, नाट्य यांनाही गुण आहेत. शास्त्रीय कलांमध्ये किती परीक्षा पार केल्या त्यावर हिशेब ठरतो, आणि कलेची कमाल मर्यादा 15. खेळात स्पर्धेच्या पातळीनुसार 25 पर्यंत मजल जाते. स्काउट-गाइड आहे, एनसीसी आहे. त्यामुळे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलाला 'मध्यमा'ला कोणता राग आहे हे सांगता येईलच असं नाही. 'मध्यमा' झाल्यावर किती मिळतात, हे नक्की सांगता येतं. पेटीवर बसलेल्या पोराला आजोबा कौतुकानं म्हणतात, "जरा भूप ऐकव की." पोरगं म्हणतं, "आबा, तो मागच्या परीक्षेला होता."

हा दर आला कुठून, हे समजायला दहावीची बेरीज समजली पाहिजे. सहा विषयांतले सर्वोत्तम पाच धरायचे, एकूण 500. त्यात 489 मिळाले आणि वर 11 गुण कला-क्रीडेचे आले की झाले 500. शंभर टक्के. मराठीच्या निबंधात दोन गुण गेले होते, ते तबल्यानं भरून दिले. असे शंभर टक्केवाले 2017 मध्ये 193 होते, 2018 मध्ये 125. 2019 मध्ये भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण बंद केले आणि आकडा धाडकन 20 वर आला. त्यातले 16 एकट्या लातूर विभागाचे. राज्यभर ओरड झाली, गुण परत आले, 2020 मध्ये शंभर टक्केवाले 242 झाले. 2021 मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही, तेव्हा ते 957 झाले. परीक्षा मध्ये आली नाही तर गुणवत्ता किती फोफावते, याचा याहून चांगला पुरावा शिक्षणखात्याला मिळणार नाही. 2025 ला आकडा 211 वर होता, त्यातले 113 लातूरचे. लातूर पॅटर्न अभ्यासासाठी प्रसिद्ध आहे, पण शेवटचा गुण शंभरात बसवायला बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या कलेची किंवा खेळाची पाचर लागतेच.

या सगळ्याची हुंडी वटते ती अकरावीच्या प्रवेशात, आणि तिथे खरोखरच अर्ध्या टक्क्यानं माणूस रुपारेलमधून घराजवळच्या कॉलेजात येऊन पडतो. म्हणून आईबापांना हसण्यात अर्थ नाही. रांगेत उभं राहायचं असेल तर रांगेचे नियम पाळावे लागतात.

गंमत पुढे आहे. ज्या तबल्यानं अकरावीत बसवलं, तो तबला अकरावीत चालत नाही. तिथून पुढे सीईटी, जेईई, नीट. नीटमध्ये 720 गुण आहेत, त्यात झपतालाचा एकही नाही. जूनमध्ये तबला माळ्यावर जातो, रंगांची पेटी शेजारच्या पाचवीतल्या मुलीला मिळते, बॅडमिंटनच्या रॅकेटनं घरात डास मारायची सोय होते. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य कलावंतांची निवृत्ती वयाच्या सोळाव्या वर्षी, सन्मानानं आणि गुणांसह होते.

अमेरिकेत मामला उलटा आहे. तिथल्या नामांकित कॉलेजांत मार्क सगळ्यांनाच असतात, त्यामुळे मार्कांनी काही ठरत नाही. प्रवेशातल्या भेदभावावरून हार्वर्डवर जो खटला चालला त्यात 2015 मध्ये प्रवेश घेणाऱ्या तुकडीचे आकडे बाहेर आले. जागा सुमारे 1,600. अर्ज करणाऱ्या देशी विद्यार्थ्यांपैकी सॅट या प्रवेशपरीक्षेच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवलेले सुमारे 3,400, भाषेत पैकीच्या पैकी सुमारे 2,700, आणि शाळेत सगळीकडे 'ए' असलेले 8,000 हून जास्त. म्हणजे लातूर विभाग जर बॉस्टनला नेऊन ठेवला असता तर त्यालाही वेटिंग लिस्ट लागली असती.

मग निवड करायची कशी? तर मुलगा अभ्यासाशिवाय काय करतो ते बघून. अमेरिकेतली शेकडो कॉलेजं जो सामायिक अर्ज वापरतात, त्यात उपक्रमांसाठी दहा रकाने आहेत. प्रत्येकात काय केलं ते सांगायला 150 अक्षरं, तीही रिकाम्या जागा धरून. गल्लीतल्या पोरांना क्रिकेट शिकवलं तर 'समाजातील वंचित मुलांसाठी क्रीडा-उपक्रमाची स्थापना व नेतृत्व'. आजीला व्हॉट्सअ‍ॅप शिकवलं तर 'ज्येष्ठांसाठी डिजिटल साक्षरता'. न्यू जर्सीतली, बे एरियातली मराठी मुलं या रकान्यांत भरतनाट्यम, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातलं स्वयंसेवकपद आणि रविवारच्या मराठी शाळेतली मदतनिशी घेऊन उतरतात. अरंगेत्रम तर अर्ज भरायच्या आधी उरकलं जातं. मग ते आयुष्यात एकदाच करायचं असतं, हे कॉलेजलाही पटवून देता येतं.

हार्वर्डची तराजू कशी चालते तेही त्या खटल्यात कळलं. प्रत्येक अर्जदाराला अभ्यास, उपक्रम, खेळ आणि 'व्यक्तिमत्त्व' अशा खात्यांत 1 ते 6 श्रेणी मिळते, 1 सगळ्यांत वर. आशियाई वंशाची मुलं अभ्यासात सरासरीनं वरचढ होती. उपक्रमांतही वरचढ होती. व्यक्तिमत्त्वात मात्र कमी पडत होती. मुलाला न भेटता, फाइल वाचून त्याचं व्यक्तिमत्त्व मोजायची विद्या आपल्याकडे अजून लग्नाच्या मध्यस्थांपुरतीच मर्यादित आहे. तिथे तिचं कार्यालय आहे. 29 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप मात्र त्या निकालात जागच्या जागी राहिलं, आणि खेळाडूंचंही.

खेळाडूंचं माप किती झुकतं? कॉलेजच्या प्रशिक्षकांनी आधीच हेरून ठेवलेल्या खेळाडूंपैकी हार्वर्डमध्ये सुमारे 86 टक्क्यांना प्रवेश मिळत होता. हा खेळ म्हणजे फक्त फुटबॉल-बास्केटबॉल असं समजू नये. हार्वर्डचे 42 संघ आहेत आणि त्यांत स्क्वॅश, तलवारबाजी, वल्हवणं, शिडाच्या होड्या, बर्फावरचं स्कीइंग, वॉटर पोलो हे सगळं येतं. ज्याच्या घरामागं तळं नाही, ज्याच्या बापाकडं होडी नाही आणि ज्याच्या गावात बर्फ पडला तर शाळेला सुट्टी देतात, त्यानं आपला क्रीडाप्रकार विचारपूर्वक निवडावा. मल्लखांबाला संघ नाही.

आता हे सगळं 'सर्वांगीण विकासा'च्या कळवळ्यातून आलं असेल असं वाटणं साहजिक आहे. इतिहास थोडा वेगळं सांगतो. जेरोम काराबेल या समाजशास्त्रज्ञानं 2005 मध्ये 'द चोझन' नावाचं जाडजूड पुस्तक लिहून हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रवेशांची दप्तरं उलगडली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कॉलेजांत प्रवेशपरीक्षा असे. पास झालात की आत. पुढे असं झालं की न्यूयॉर्क-बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ज्यू मुलं ही परीक्षा भराभर पास होऊ लागली. 1922 साली हार्वर्डच्या नव्या तुकडीत ती पाचव्या हिश्शाहून जास्त होती. अध्यक्ष लॉरेन्स लोवेल घाबरले आणि त्यांनी 15 टक्क्यांची मर्यादा सुचवली, तीही उघडउघड. त्यावर गदारोळ झाला. लोवेल धडा शिकले : अशी गोष्ट उघड बोलायची नसते. 1926 पासून हार्वर्डनं 'चारित्र्य' आणि 'व्यक्तिमत्त्व' मोजायला सुरुवात केली, अर्जाबरोबर फोटो मागायला सुरुवात केली, आणि ज्यू मुलांचं प्रमाण जवळपास लोवेलसाहेबांच्या मनातल्या आकड्यावर येऊन बसलं. कोलंबिया विद्यापीठानं तर 1919 मध्येच अर्जात धर्म आणि बापाचं जन्मस्थान विचारून घेतलं होतं.

म्हणजे नुसतं पुस्तकात डोकं घालून बसणारा मुलगा 'एकांगी' असतो, हे वाक्य आज पालकसभेत ज्या निष्पाप चेहऱ्यानं ऐकवलं जातं तितकं ते निष्पाप नाही. ते मुळात एका विशिष्ट मुलाला बाहेर ठेवायला रचलेलं होतं. आपल्याकडच्या सात-पाच-तीनला कितीही नावं ठेवा. तो दर भिंतीवर लिहिलेला आहे, आणि पाठमोऱ्या बाईनं गुण मिळवून देताना मुलाचं आडनाव विचारलेलं नाही. (त्या मुलाला क्लासची फी परवडते का, हे मात्र ती विचारते.)

तराजूत काय पडतं हे गुपित ठेवलं की तराजूजवळ माणसं घुटमळू लागतात. कॅलिफोर्नियातला रिक सिंगर हा प्रवेश-सल्लागार असाच घुटमळत होता. त्याचं अर्थशास्त्र सरळ होतं. पुढच्या दारानं जायला हुशारी लागते. मागच्या दारानं जायला देणगी लागते, कोट्यवधींची, आणि तरीही खात्री नसते. म्हणून त्यानं बाजूचं दार उघडलं : प्रशिक्षकाला पैसे द्यायचे, मुलाला खेळाडू म्हणून यादीत घालायचं. मुलानं तो खेळ खेळायची गरज नाही. उलट खेळला तर अडचण, कारण मग तो कसा खेळतो हे कुणाला तरी कळलं असतं.

12 मार्च 2019 रोजी 'ऑपरेशन व्हर्सिटी ब्लूज' जाहीर झालं. 50 जणांवर आरोप ठेवले गेले आणि अमेरिकेला आपल्या खेळाडूंची नव्यानं ओळख झाली. अभिनेत्री लोरी लॉफलिन आणि तिच्या नवऱ्यानं दोन मुलींसाठी 5 लाख डॉलर मोजले. दोघी वल्हवणाऱ्या म्हणून दाखल झाल्या. पुरावा म्हणून त्यांचे व्यायामाच्या रोइंग मशिनवर बसलेले फोटो काढले गेले. एका बापानं वॉटर पोलोचं साहित्य अ‍ॅमेझॉनवरून मागवलं, मुलाला घरच्याच पोहण्याच्या तलावात उतरवलं आणि फोटो काढून ग्राफिक डिझायनरकडं धाडला. तो फोटो पाहून सिंगरनं शेरा मारला की पाण्याच्या एवढं वर कुणी येत नाही. खरंच होतं. वॉटर पोलोत तळाला पाय टेकत नाहीत. हा खेळाडू उभा असावा. मग काहींच्या बाबतीत खऱ्या खेळाडूच्या धडावर गिऱ्हाइकाच्या मुलाचं डोकं बसवण्यात आलं. आपल्याकडच्या स्मरणचित्रात निदान पोरं स्वतः बसून कुत्र्याचे पाय गवतात लपवतात.

सिंगरला जानेवारी 2023 मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. लॉफलिनला दोन महिने, नवऱ्याला पाच.

इंग्रजांनी या गोंधळातून अंग काढून घेतलं आहे. ऑक्सफर्डला तुम्ही सतार वाजवता याचं कौतुक वाटतं, तेवढंच. ज्या विषयाला अर्ज केला त्या विषयाशी तिचा संबंध असेल तर बोला, नाहीतर मुलाखतीत समोर ठेवलेलं गणित सोडवा. अमेरिकेतही काही जण मार्कांकडं परत वळू लागले आहेत. करोनाच्या काळात सॅटची अट अनेकांनी काढली होती. एमआयटीनं 2022 मध्ये ती परत आणली, डार्टमथनं आणि हार्वर्डनं 2024 मध्ये. निबंध विकत मिळतो, छंद भाड्यानं मिळतो, त्यापेक्षा परीक्षेला बसवलेलं बरं, असं त्यांना उशिरा का होईना वाटलं असावं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला आपले आयआयटीवाले उलट दिशेनं निघाले. आयआयटी मद्रासनं 2024-25 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक शाखेत दोन जादा जागा ठेवल्या, त्यांतली एक मुलीसाठी. त्यानंतरच्या वर्षी ललित कला आणि संस्कृतीसाठीही तशी सोय केली. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार करावीच लागते, त्यातून सुटका नाही. पण राष्ट्रीय पातळीवरच्या कामगिरीला आता तिथे किंमत आहे. ज्या घरांनी जूनमध्ये तबला माळ्यावर टाकला होता, तिथे शिडी पुन्हा बाहेर निघाल्याचं ऐकिवात आहे. मात्र दोन वर्षं तबला माळ्यावर असताना राष्ट्रीय पातळी गाठणं अवघड असतं.

दोन देशांत पाय असलेल्या कुटुंबात तर दोन्ही दर एकाच वेळी चालू असतात. पुण्यातल्या ताईचा मुलगा अकरावीत आहे. त्याचा तबला बंद, कारण जेईई आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या धाकटीचा मुलगा बारावीत आहे. त्याचा तबला जोरात, कारण कॉलेज आहे. शनिवारी रात्री व्हिडिओ कॉलवर दोघी बहिणी एकमेकींची कीव करतात. धाकटी म्हणते, "तुमच्याकडं नुसते मार्क गं, पोरांना जगूच देत नाहीत." ताई म्हणते, "तुमच्याकडं तर नुसतं मार्क मिळवूनही भागत नाही." आपापल्या खोलीत दोन्ही मावसभाऊ आईचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून हेडफोन लावून एकाच ऑनलाइन गेममध्ये एकमेकांना मारत असतात. दोघांना ज्यात खरी गती आहे ती ही एकच गोष्ट, आणि तिला कुठल्याच देशात रकाना नाही.

अशाच एका कुटुंबातली आजी ऑगस्टमध्ये एडिसनला निघाली. तिकडच्या नातवाचा डग्गा बिघडला होता आणि सप्टेंबरात त्याचा कार्यक्रम होता, ज्याचा व्हिडिओ अर्जाला जोडायचा होता. इकडच्या नातवाचा डग्गा माळ्यावर नुसता पडून होता, तो साडीत गुंडाळून बॅगेत घातला. विमानतळावर काउंटरच्या काट्यानं 26 किलो दाखवले. परवानगी 23 ची. मागे रांग खोळंबली. आजीनं बॅग उघडून फरशीवर ठेवली, एका बाजूला तांब्याचा डग्गा, दुसऱ्या बाजूला थालीपिठाच्या भाजणीची तीन पाकिटं, आणि मुलीला फोन लावला.

"आई, भाजणी काढ," पलीकडून उत्तर आलं. "इथे पटेल ब्रदर्समध्ये मिळते. डग्गा राहू दे, एक नोव्हेंबरला फॉर्म आहे."

"अगं, तिथली भाजणी कडवट असते, तूच म्हणाली होतीस."

"आई, डग्गा."